आधी गाव बघ, मग गाइड

तू विचारलंस, की मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर सायकोसिसच्या, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय येणं अशा गंभीर मानसिक आजारांच्या (स्किझोफ्रेनिया त्यांतलाच), सामाजिक कारणांवर पीएच.डी. करायला इंग्लंडला यावं का, या विषयात पुढे पोट भरतं का, आणि नवरा व चार वर्षांची मुलगी सोबत आणली तर निभेल का. ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगं करते. फी, आयईएलटीएस, बँकेतली शिल्लक हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडून देते.

या विषयातला एक सर्वांत जुना अभ्यास आपल्यासारख्या देश सोडलेल्यांवरच आहे. ओडेगार्ड या नॉर्वेच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं, की मिनेसोटात गेलेले नॉर्वेजियन लोक मायदेशातल्यांपेक्षा जास्त प्रमाणात स्किझोफ्रेनियामुळे इस्पितळात भरती होतात. त्याने कारण दिलं, की मुळात अस्थिर असलेली माणसंच देश सोडतात. मी हे वाचलं तेव्हा इथे नवीन होते आणि मला फार राग आला होता. पुढे हे कारण टिकलं नाही. लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टलमध्ये झालेल्या 'ईसॉप' अभ्यासात (निष्कर्ष २००६ साली आले) कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या नऊपट निघालं. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस या त्यांच्या मूळ बेटांवर मोजलं तर तिथे तसं काही नाही. शिवाय २००५ च्या एका एकत्रित विश्लेषणात स्थलांतर करणाऱ्या पिढीचा धोका २.७ पट आणि त्यांच्या मुलांचा ४.५ पट दिसला. देश तर आईबापांनी सोडला होता, मुलांनी नाही. म्हणजे इथल्या जगण्यातच काहीतरी आहे. आपल्या भागातून आलेल्यांत हा फरक बराच कमी दिसतो, आणि आजार मुळात विरळाच आहे, हेही सांगते, म्हणजे तू घाबरणार नाहीस. पण हा विषय घेतलास तर रोज सकाळी टेबलावर तुझंच आयुष्य आकड्यांत मांडलेलं असेल. त्याची तयारी ठेव.

करिअरचं विचारलंस. रिचर्ड बेंटॉल यांचं नाव तू वाचलं असशील. मानसशास्त्रज्ञ, लिव्हरपूल, मँचेस्टर, बँगोर करत आता शेफील्डला. आजाराच्या शिक्क्यापेक्षा आवाज ऐकू येणं, संशय येणं अशा एकेका अनुभवाचा माग काढा, हे त्यांनी आयुष्यभर लावून धरलं. लहानपणी छळ, अत्याचार, आईबापांचा वियोग वाट्याला आलेल्यांत सायकोसिसचा धोका पावणेतीन पटींच्या आसपास असतो, हे दाखवणाऱ्या २०१२ च्या विश्लेषणात ते होते. रॉबिन मरे तर मानसोपचारातलं केवढं मोठं नाव. आपण कित्येक वर्षं सामाजिक कारणांकडे दुर्लक्ष केलं, असं त्यांनी २०१७ मध्ये स्वतः लिहिलं. विषय आता मुख्य प्रवाहात आला आहे, त्याबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. पण ही माणसं इथलीच. आपली नोकरी दोन-तीन वर्षांच्या ग्रँटवर, आणि व्हिसा त्या नोकरीवर. ग्रँट संपायच्या आधीचं वर्ष तू संशोधन कमी आणि अर्ज जास्त करशील. नोकरीच्या व्हिसावरून कायम वास्तव्यासाठी जी वर्षं मोजतात, त्यांत पीएच.डी.ची वर्षं धरत नाहीत. आणि रुग्ण बघायची इच्छा असेल तर लक्षात घे, पीएच.डी.मुळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा परवाना मिळत नाही. त्याचा मार्ग वेगळा आहे, ते निघण्याआधी ठरव.

कागदपत्रांत सगळ्यांत जास्त त्रास झाला तो नावाचा. माझ्या पदवीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, सगळं माहेरचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. इथल्या एका कार्यालयाने वडिलांचं नाव हेच माझं आडनाव धरलं. मग लग्नाचा दाखला, राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र, आणि तरी पुन्हा पत्र, की या दोन व्यक्ती एकच आहेत याचा पुरावा द्या. आरोग्यसेवेतल्या रुग्णांशी बोलायचं तर एथिक्स समितीची मंजुरी, प्रत्येक ट्रस्टची, म्हणजे इथली सरकारी इस्पितळं चालवणाऱ्या संस्थेची, वेगळी परवानगी, पोलिसांचा दाखला, लसींचा पुरावा. माझं लसीचं कार्ड कधीच हरवलेलं, तेव्हा बीसीजीचा दंडावरचा व्रण दाखवला आणि रक्त तपासून घेतलं. तू अजून तिथे आहेस तोवर नावाचा घोळ राजपत्रातून निस्तरून घे. खरंच सांगते, बाकी सगळं नंतर होतं.

आता मुलीचं. माझा मुलगा तुझ्या मुलीएवढाच होता. शाळेत तो कित्येक महिने बोललाच नाही. घरी आजीला फोनवर चिमणी-कावळ्याची गोष्ट हावभावांसकट सांगणारा मुलगा, आणि शाळेच्या अहवालात 'भाषा मर्यादित'. पालकसभेला मिळाली दहा मिनिटं. बाई गोड होत्या. म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोला, लवकर सुधारेल. त्याला खालच्या गटाच्या टेबलावर बसवलं होतं आणि 'किती शांत, काहीच त्रास नाही' असं कौतुकाने सांगितलं. आम्ही मराठी सोडली नाही. पण ते 'काहीच त्रास नाही' मला अजून सलतं. त्याच सुमारास माझ्या वाचनात नेदरलँड्समधल्या हेग शहराचा २०११ चा अभ्यास आला. स्थलांतराच्या वेळचं वय जितकं लहान तितका पुढे सायकोसिसचा धोका जास्त, आणि सगळ्यांत जास्त चार वर्षांपर्यंतच्या मुलांत. मी तो लेख संशोधक म्हणून वाचू शकले नाही. मुलगा आता मिसरूड फुटायच्या वयाचा आहे, उत्तम आहे, फुटबॉल खेळतो, मी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतो. तरी रात्री त्याच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला की मी दाराशी थांबते. फोनवर मित्र असतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एकटेपणा येतो. सगळ्यांना येतो. त्यावर मी वेगळं लिहिणार नाही, कारण त्यावर उपाय करता येतो आणि तो आमच्याच विषयात सापडलेला आहे. दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलच्या २००१ च्या अभ्यासात दिसलं, की ज्या वस्तीत आपल्यासारखे लोक कमी, तिथे अल्पसंख्याकांत आजार जास्त. म्हणून तुला माझा एकच ठाम सल्ला: आधी गाव बघ, मग गाइड. नामांकित प्राध्यापक सुंदर, हिरव्या, गोऱ्या गावात असेल आणि त्यातल्या त्यात बरा प्राध्यापक लेस्टरमध्ये किंवा लंडनच्या हॅरो भागात, तर दुसरा घे. शेजारी गुजराती आजी असली, वाण्याकडे कढीपत्ता मिळाला, वर्गात मुलीच्या रंगाची आणखी दहा पोरं असली, तर तुझी पीएच.डी. पुरी होईल. लंडनचं महाराष्ट्र मंडळसुद्धा १९३२ चंच, ओडेगार्डच्या लेखाच्याच वर्षी सुरू झालेलं. आधी आलेल्यांना काय लागतं ते कळलं होतं.

मी या विषयात का आले, हेही तू विचारलंस. माझा मामा. सांगलीला. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. आधी नरसोबाच्या वाडीला नेलं, देवऋषी झाले, मग मिरजेला डॉक्टर. त्याचं लग्न झालं नाही, नोकरी टिकली नाही, पण तो घरात राहिला, जेवायला पंगतीत बसला, गणपतीत आरतीला टाळ वाजवत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अभ्यासांत आग्र्यासारख्या ठिकाणचे रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे राहिलेले दिसले, आणि लेखांत त्याचं श्रेय कुटुंबाला देतात. आमच्या घरात कुटुंब म्हणजे धाकटी मामी, त्याच्या भावाची बायको. तीस वर्षं गोळ्या तिने दिल्या, रात्री तिने जागून काढल्या. 'कौटुंबिक आधार' या विषयावर लेख मी लिहिते. मी मामाला समजून घ्यायला हा विषय घेतला, की त्या घरापासून लांब राहायला एक चांगलं कारण मिळालं म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही.

म्हणून शेवटचं: इथे येणं हा एकच रस्ता नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा क्रेग मॉर्गन यांचा गट चेन्नईच्या 'स्कार्फ' या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेबरोबर कांचीपुरममध्ये सायकोसिसचा अभ्यास करत आला आहे, जोडीला नायजेरियातलं इबादान आणि त्रिनिदाद. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ती सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी स्वतः कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्र शिकवायचे. अर्ज करताना गाइडला सरळ विचार, की माहिती महाराष्ट्रात गोळा करता येईल का. नाही म्हणाला तर का नाही, तेही विचार. मी स्वतः मिरजेतल्या घरी सांभाळणाऱ्या बायकांवर ग्रँटचा अर्ज लिहायला घेतला आहे. मंजूर झाला तर निदान दोन वर्षं तिकडे राहावं लागेल. नवऱ्याला सांगितलंय, मुलाला अजून नाही.