साडेदहाला फोन करू नका, झोपलेत ते!

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे, आमची एक टीम चीनमध्ये शेनझेनला बसते. सकाळी साडेदहाला पिंग केलं की कोणी हूं की चूं करत नाही आणि संध्याकाळी उशिरा धडाधड मेल सुरू. एवढं टेन्शन ही माणसं झेलतात कशी?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर: अहो, तुमचे साडेदहा म्हणजे त्यांचा दुपारचा एक. झोपलेत ते! खरंच, तिकडं बऱ्याच ऑफिसात जेवण झालं की लाइट बंद, टेबलाखालची घडीची कॉट ओढायची, डोळ्यांवर पट्टी लावायची आणि मस्त डुलकी, कधीकधी साहेबसुद्धा शेजारी घोरतो. (आपल्याकडं करून बघा, एचआर उभाच!) आता झोप लागणारच ना, टेक कंपन्यांत ९९६ म्हणजे सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०१९ मध्ये प्रोग्रामर पोरांनी गिटहबवर (प्रोग्रामर लोकांची कोड ठेवायची वेबसाइट) याविरुद्ध बोंब ठोकली, २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने बेकायदा म्हटलं, पण सवय काय लगेच जाते होय. मग कोणी टॉयलेटमध्ये मोबाइल घेऊन निवांत बसतं, कोणी बीजिंगच्या योंगहे या बौद्ध मंदिरात रांग लावून नशीब उजळावं म्हणून मण्यांचं ब्रेसलेट घेतं, आणि फारच वैतागलेले 'तांगपिंग' करतात, म्हणजे प्रमोशन गेलं उडत, पोटापुरतं कमवायचं नि आडवं पडायचं. मला विचाराल तर यातली दुपारची झोपच तेवढी उचलण्यासारखी. तुम्ही मीटिंग साडेअकरानंतर ठेवा, आणि रात्रीचे मेल सकाळी बघितले तरी चालतात हो.