आठ महिन्यांच्या बाळाच्या खोलीत कापूर-कडुनिंबाची रिफिल लावावी का?

डास पळवायच्या मशीनच्या रिकाम्या रिफिलमध्ये कडुनिंबाचं तेल आणि कापूर भरून ते रात्रभर चालू ठेवलं तर बाळाला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू.

मी औषधांच्या दुकानात बसते. पावसाळा लागला की हा प्रश्न येतोच, कारण अशी रिफिल घरी भरायचा व्हिडिओ सगळ्यांकडे फिरत असतो. कडुनिंबाचं तेल जड असतं. ते वातीतून धड चढत नाही आणि मशीनच्या उष्णतेने उडतही नाही. खोलीत पसरतो तो कापूर. घमघमाट सुटतो, म्हणून डास गेले असं वाटतं. काही जण तेल पातळ व्हावं म्हणून त्यात टर्पेंटाइन नाहीतर रॉकेल घालायला सांगतात. बंद खोली, तापलेलं मशीन, शेजारी झोपलेलं बाळ आणि वर हे 'नैसर्गिक'!

कापराचा खरा धोका तो पोटात जाण्याचा. रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि एखादा ग्रॅम कापूरही त्याला झटके यायला पुरतो. कडुनिंबाचं तेलही बाळांना पाजल्यावर उलट्या, गुंगी, झटके आल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे दोन्ही वरच्या फळीवर ठेवा. सासूबाई छातीला कापूर चोळा म्हणाल्या, तरी दोन वर्षांच्या आतल्या मुलाला नको.

सिट्रोनेला, म्हणजे एका सुगंधी गवताचं तेल, लावलं तर डास दूर राहतात, पण ते तास-दोन तासांत उडून जातं. नीलगिरीचं म्हणाल, तर परदेशात डासांवर मान्यता असलेलं लेमन युकॅलिप्टसचं तेल वेगळ्या झाडाचं असतं आणि तेही तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. आपल्याकडची सर्दीची नीलगिरी म्हणजे ते नव्हे. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी बाळ खोलीत नसताना दिली तर माझी हरकत नाही, पण धूर तो धूरच, छातीत जायचाच.

बाळासाठी मच्छरदाणी घ्या, कडा गादीखाली नीट खोचा. डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो, तेव्हा दुपारच्या झोपेलाही ती लावा. अंगाला काही लावायचंच असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि आठवड्यातून एकदा कूलर, कुंड्यांखालच्या बशा नि फ्रीजच्या मागचा ट्रे रिकामा करून घासा. तो ट्रे बहुतेक घरांत कुणी बघतच नाही.