अकरावीत गणित सोडावे का?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे आणि तिला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे. गणितात ती बेताचीच आहे. ‘भूदलाला कोणतीही शाखा चालते, कला शाखा घेऊन उरलेला वेळ मैदानावर घालवू द्या,’ असे नातेवाईक सुचवतात. एका खासगी अकादमीने तर दोन वर्षांचे शुल्क आताच मागितले आहे. आम्ही काय करावे?
– एक पालक, नाशिकरोड

उत्तर : बारावीनंतर सैन्यातील अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजेच एनडीएच्या, भूदल शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, हे खरे आहे, परंतु केंद्रीय लोकसेवा आयोग त्यासाठी जी लेखी परीक्षा घेतो, तिच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात आणि त्यातून कला शाखेच्या विद्यार्थ्यांना सूट मिळत नाही. अडीच तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. नौदल आणि हवाई दलासाठी तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तिन्ही विषय लागतात. म्हणून आपल्या मुलीने विज्ञान शाखा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गणित बेताचे असेल, तर दहावीनंतरच्या सुट्टीत त्रिकोणमिती आणि बीजगणित पक्के करून घ्यावे, कारण अकरावीचा बराच भाग त्यांवरच उभा असतो.

अकादमीला पैसे देण्याआधी एक चौकशी अवश्य करावी. मुलींसाठीची शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून आपल्या नाशिकमध्येच सुरू आहे. दहावीनंतर प्रवेश परीक्षा व मुलाखतीतून निवड होते आणि अकरावी-बारावीबरोबरच एनडीएची तयारी करून घेतली जाते. अर्जाची मुदत दहावीच्या वर्षातच येते आणि निकालाची वाट पाहणारे पालक नेमके तिथेच चुकतात. एनडीएच्या अर्जाला मुलींना शुल्कही नाही.

लेखी परीक्षेनंतर एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत असते आणि तिलाही ९०० गुण असतात. साधारण पाच दिवस चालणाऱ्या या निवडीत एकेक शब्द पंधरा सेकंद दाखवला जातो आणि तेवढ्यात त्यावर मनात येईल ते वाक्य लिहायचे असते. असे साठ शब्द ओळीने येतात. पाठ केलेली वाक्ये इथे फार काळ टिकत नाहीत, कारण त्याच मुलीला पुढे गटात चर्चा करायची असते आणि दोरखंड, फळ्या घेऊन अडथळेही पार करायचे असतात. त्यामुळे शाळेत एनसीसी असेल तर तिला पाठवावे, रोज वर्तमानपत्र वाचायला लावावे आणि घरातले काही व्यवहार, अगदी बँकेतले कामसुद्धा, एकटीने करू द्यावे. धावण्याचा सराव हवाच. पण तो रोज सकाळी तासभर पुरे. डोळ्यांची तपासणी मात्र आताच करून घ्यावी.

एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. वयोमर्यादा साधारणपणे साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असल्याने दोन-तीन संधी सहज मिळतात. तिथे जमले नाही, तर पदवीनंतर सीडीएसचा, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेचा, मार्ग खुला राहतो आणि त्याच्या तयारीसाठी सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आपल्या नाशिकरोडलाच आहे, तेही निवास-भोजनासह विनामूल्य. तेव्हा अकादमीचे दोन वर्षांचे शुल्क आज भरण्याची मला तरी घाई दिसत नाही.