वाचकांचे प्रश्न: विजयदुर्ग आणि हेलियम, राज्याभिषेकाची तारीख, हेलसिंकीचे पदक

या महिन्यात आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. या पाचही प्रश्नांची एका ओळीची उत्तरे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सहज सापडतात. परंतु ती ओळ कोठे अपुरी पडते आणि कोठे चक्क चुकते, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असे आम्हांला मनापासून वाटते. म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : हेलियम वायूचा शोध सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ही दाखवले जातात. हे खरे आहे का? (एक वाचक, देवगड)

आपल्या भागाविषयीचा आपला अभिमान योग्यच आहे, पण या कथेत दोन वेगवेगळ्या ग्रहणांची सरमिसळ झाली आहे.

पहिले ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चे. खग्रास स्थितीचा पट्टा दक्षिण भारतावरून जात असल्याने देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ येथे आले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथे तळ दिला होता, तर मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला होते. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले, की त्याच्या कडेवरून उसळणाऱ्या तेजस्वी ज्वाला दिसू लागतात. त्या ज्वालांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला असता त्यात ठळक रंगीत रेषा आढळल्या आणि त्यावरून त्या ज्वाला म्हणजे तप्त वायू आहेत हे सिद्ध झाले. रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतील असे जान्सेन यांच्या मनाने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पाहून दाखवल्या.

विजयदुर्गाच्या कथेतले ‘साहेब’, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, त्या ऑगस्टमध्ये भारतात नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते आणि ग्रहणाविना सौरज्वाला पाहण्याच्या त्याच खटपटीत होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना यश आले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, आणि अकादमीने श्रेय दोघांनाही दिले. या वर्णपटातील एक पिवळी रेषा मात्र कोड्यात टाकणारी होती. मिठाच्या पाण्यात भिजवलेली वात ज्योतीत धरली तर ज्योत पिवळी होते, ती सोडियममुळे. वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा अगदी लागून दिसतात. सूर्यावरची रेषा त्यांच्या शेजारची, पण त्यांच्यावर न बसणारी निघाली. तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर आहे, तर सोडियमच्या रेषा ५८९ च्या पुढे येतात. एवढ्याशा अंतरावरून पृथ्वीवर माहीत नसलेले मूलद्रव्य सूर्यावर आहे, असे लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या सहकार्याने मांडले आणि ‘हेलिओस’ या सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेलियम’ हे नाव दिले. पुष्कळांना ते पटले नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया केली, तेव्हा निघालेल्या वायूच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा दिसली आणि वाद मिटला.

आता दुसरे ग्रहण, २२ जानेवारी १८९८ चे. या वेळी खग्रास पट्टा महाराष्ट्रावरून गेला, आणि लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आलेल्या या शास्त्रज्ञाच्या मदतीला ब्रिटिश आरमाराच्या ‘मेलपोमेनी’ या जहाजावरील खलाशी होते. किल्ल्यावरील कट्टे या मोहिमेशी जोडणेच तर्काला धरून आहे. म्हणजे लॉकियर विजयदुर्गला आले हे खरे, हेलियमच्या शोधाचे श्रेय त्यांच्याकडे जाते हेही खरे, परंतु शोध आणि भेट यांत जवळजवळ तीस वर्षांचे अंतर आहे.

याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्राध्यापक नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दुर्बिणी उभारल्या होत्या, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही जेऊरलाच उतरले होते. विजयदुर्गाची कथा घरोघरी पोहोचली. जेऊरची मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ती शाळांमधून सांगितली गेली पाहिजे.

प्रश्न : गोदावरीचा उगम अरबी समुद्राजवळ असताना ती बंगालच्या उपसागराकडे का जाते? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि तरीही गोदावरी जवळपास १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून पूर्वेकडच्या सागराला मिळते. याचे कारण दख्खनच्या पठाराच्या उतारात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे पठार तयार झाले. त्यानंतर पश्चिमेकडील भूभाग तुटून वेगळा झाला, तेव्हा पठाराची पश्चिम कड उचलली गेली आणि सारे पठार पूर्वेकडे हलकेच कलले. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी कड्याच्या पूर्वेला पडले तर त्या उताराने जाते. पश्चिमेला पडले तर काही तासांत कोकणात उतरते. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून निघणाऱ्या कृष्णा आणि सावित्री म्हणूनच दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळतात.

प्रश्न : शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला असे आपण म्हणतो, पण काही अभ्यासक १६ जून लिहितात. दोन्हींपैकी बरोबर कोणती? (एक शिक्षक, महाड)

दोन्ही बरोबर आहेत. त्या दोन दिनदर्शिकांतील एकाच दिवसाच्या तारखा आहेत. मूळ नोंद तिथीची आहे: शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.

युरोपात पूर्वी जी ज्युलियन दिनदर्शिका चालत असे, तिच्यात वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचे धरले होते. प्रत्यक्षातील ऋतुवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असल्याने शतकानुशतके फरक साचत गेला. तो काढून टाकण्यासाठी पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले, आणि ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानला गेला. पोर्तुगालने हा बदल लगेच स्वीकारला. प्रोटेस्टंट इंग्लंडने मात्र तो १७५२ पर्यंत मानला नाही. याचा परिणाम असा, की सतराव्या शतकात गोव्यातील पोर्तुगीज कागद आणि सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारींचे कागद यांच्यात एकाच घटनेची तारीख दहा दिवसांनी वेगळी पडते. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. इंग्रजी पद्धतीने तो दिवस ६ जून, आणि आज आपण वापरतो त्या दिनदर्शिकेने १६ जून. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियनच आहे. आजच्या दिनदर्शिकेनुसार ती १ मार्च १६३० येते.

अस्सल कागद वाचणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी इंग्रजांचे अधिकृत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील पत्रांवर आदल्या वर्षाचा आकडा असतो. पानिपतच्या १४ जानेवारी १७६१ या तारखेला अशी कोणतीच दुरुस्ती लागत नाही, कारण तोवर इंग्रजांनीही नवी पद्धत स्वीकारली होती.

प्रश्न : भारतातील पहिला चित्रपट ‘श्री पुंडलिक’ की ‘राजा हरिश्चंद्र’? (एक वाचक, ठाणे)

दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरमध्ये दाखवला गेला, आणि दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच ठिकाणी ३ मे १९१३ रोजी. तारीख पाहिली तर तोरणे आधी येतात. मात्र ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनला झाली होती. फाळके यांनी पटकथा, चित्रण, फिल्म धुणे हे सारे येथेच उभे केले. म्हणून पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट ‘राजा हरिश्चंद्र’ हाच मानावा, असे आमचे मत आहे; पण तोरणे यांचे नाव गाळून दिलेले उत्तर आम्ही पूर्ण समजत नाही.

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले? एका पुस्तकात नॉर्मन प्रिचर्ड आहे, दुसऱ्यात खाशाबा जाधव. (एक वाचक, कराड)

कलकत्त्यात जन्मलेल्या प्रिचर्ड यांनी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत रौप्यपदके मिळवली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या नावे धरते, काही क्रीडा-इतिहासकार ब्रिटनच्या. त्यामुळे प्रश्नात ‘स्वतंत्र भारत’ हे शब्द असतील तर उत्तर निःसंशय खाशाबा जाधव हेच.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा लाल मातीत वाढलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवरची कुस्ती सर्वस्वी नवी होती, तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे ५७ किलो फ्रीस्टाइल गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. त्यांना नमवणारे सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव आणि जपानचे इशी हेच पुढे अनुक्रमे रौप्य आणि सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबांची गावकऱ्यांनी बैलगाड्या जोडून मिरवणूक काढली. पुढे ते पोलीस दलात गेले आणि १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि पद्म पुरस्कार तर मिळालाच नाही. ही उणीव शासनाने अजूनही भरून काढावी.

भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवून दिले. महाराष्ट्रातील खेळाडूला मात्र ७२ वर्षे वाट पाहावी लागली: २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक जिंकले.