फुप्फुसाच्या कर्करोगात रक्ताची गुठळी झाल्यास आयुष्य कमी होते का?

केमोथेरपी सुरू असताना आपल्या वडिलांच्या पायात रक्ताची गुठळी आढळली; तिच्यामुळे आयुष्य कमी होते का आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी ते वाढते का, असे आपण विचारले आहे. मी फिजिशियन असून असे रुग्ण नेहमी पाहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी ‘हो’ आणि दुसऱ्याचे बहुतांशी ‘नाही’ असे देईन.

कर्करोगाच्या पेशी रक्त गोठण्यास चालना देणारी द्रव्ये तयार करतात, सिस्प्लॅटिनसारखी औषधे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात आणि हालचाल कमी झाली की पायांतील रक्तप्रवाहही मंदावतो. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा धोका सर्वाधिक असतो. अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात, विशेषतः एएलके जनुकात बदल असल्यास, तो आणखी वाढतो.

गुठळी झालेल्या रुग्णांचे आयुर्मान सरासरीने कमी आढळते, हे खरे आहे. मात्र त्यात गुठळीचा वाटा किती आणि मुळातच बळावलेल्या रोगाचा किती, हे वेगळे काढणे कठीण असते. गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली तर जीव जाऊ शकतो. एरवी ती पुष्कळदा रोगाच्या आक्रमकपणाची खूण ठरते.

औषधांविषयी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील फ्रॅगमॅटिक चाचणी महत्त्वाची आहे. तिच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सुमारे 2,200 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत डाल्टेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची इंजेक्शने दिली गेली. गुठळ्या कमी झाल्या, रक्तस्राव वाढला, आयुष्य मात्र वाढले नाही. पण ती प्रतिबंधासाठी दिलेली औषधे होती, त्यामुळे हा निष्कर्ष वाचून वडिलांचे औषध थांबवू नये. गुठळी झाल्यानंतर ते किमान 3 ते 6 महिने आणि कर्करोग सक्रिय असेपर्यंत बहुधा पुढेही द्यावे लागते. थुंकीतून रक्त पडत असेल, रोग मेंदूत पसरला असेल किंवा प्लेटलेट 50,000 च्या खाली गेल्या असतील, तर मात्रेचा फेरविचार डॉक्टरांनाच करू द्यावा.

दुसऱ्या पायाकडेही लक्ष ठेवा. आम्ही टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली मोजतो आणि 3 सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक असल्यास सोनोग्राफी करवून घेतो. धाप लागणे कर्करोगामुळेच असेल असे घरचेच नव्हे, कधीकधी आम्हीही धरून चालतो. म्हणून ती अचानक वाढली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर पुढच्या केमोथेरपीच्या तारखेची वाट न पाहता त्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे.