काळ्या जमिनीवर घरापर्यंतचा रस्ता डांबरी करायचा आहे, ठेकेदार कसा ठरवावा?

तुमचं घर वणीच्या बाजूला वावरात, मुख्य रस्त्यापासून सव्वाशे फूट आत, आणि खाली काळी जमीन. एक ठेकेदार चौरस फुटाचा भाव सांगून दोन दिवसांत काम उरकून देतो म्हणतो, त्याला हो म्हणू का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, अजून नका म्हणू. डांबराच्या खाली तो काय टाकणार, किती जाडीचं आणि कशाने दाबणार, हे आधी विचारा. याचं उत्तर त्याला पटकन देता आलं नाही तर भाव कितीही कमी असो, माणूस बदला.

मी यवतमाळ-वर्धा पट्ट्यात गावरस्त्यांच्या कामांवर सुपरवायझर आहे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वरचा डांबराचा थर जेमतेम इंच-सव्वा इंचाचा, तो हे ओढणं-ढकलणं सोसू शकत नाही. पहिल्या वर्षी कडेने लांबट भेग पडते, कारण कडेची माती आधी भिजते आणि आधी सुकते. मग भेगेतून पाणी खाली जातं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाखाली रस्ता बसतो. त्यामुळे तुमचा बहुतेक पैसा जमिनीखाली जायला हवा, जिथे तो दिसणार नाही.

तुमच्या रस्त्यासाठी मी हे करून घेईन. काळी माती निदान फूट-दीड फूट उकरून बाहेर काढायची. त्यात टणक मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरायचा आणि प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा. मुरूम ओला करून हातात चोळून बघा, चिकट लागला तर त्यात माती जास्त आहे, परत पाठवा. मुरमावर गिट्टीचे दोन थर, दबल्यावर प्रत्येकी तीन इंच, म्हणजे ज्याला आपण खडीकरण म्हणतो ते. खडीकरण नीट दबलंय का, हे तपासायची जुनी युक्ती आहे: चालत्या रोलरच्या चाकापुढे गिट्टीचा एक दगड टाका. तो चुरला तर काम झालं. खाली रुतला तर अजून रोलिंग पाहिजे.

आता मालाचा हिशेब, कारण फसवणूक इथेच होते. सव्वाशे फूट लांब, बारा फूट रुंद म्हणजे १,५०० चौरस फूट. दबलेला फूटभर मुरूम धरला तर १५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि दाबल्यावर माल बसतो म्हणून आणताना १९-२० ब्रास लागतो. दीड फूट उकरलं तर त्याच्या दीडपट. गिट्टीचे दोन्ही थर मिळून सहा इंच, म्हणजे आणताना साधारण १० ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जवळपास एक ब्रास बसतो, ट्रॉल्या मोजायला घरचा माणूस उभा करा. मुरूम-गिट्टी रॉयल्टी भरलेली आहे ना, वाहतूक पास आहे ना, हेही बघा. मुरूम-गिट्टीसारख्या गौण खनिजाबद्दल महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम ४८ कडक आहे, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ती कटकट तुमच्या दारात नको.

माझा आग्रह असा की काम दोन तुकड्यांत द्या. या उन्हाळ्यात मुरूम आणि खडीकरण, आणि त्यावर एक पावसाळा काढा. ट्रॅक्टर, बैलगाडी, सोयाबीनची वाहतूक सगळी त्यावरूनच होऊ द्या. जिथे बसायचं तिथे रस्ता बसेल आणि पाणी कुठे साचतं तेही कळेल. दिवाळीनंतर खड्डे भरून, पुन्हा दाबून मग डांबर टाका. घाई असलेल्या ठेकेदाराला हे आवडणार नाही, पण घर तुमचं आहे. आणि खडीकरणावरच तुमचं भागतंय असं वाटलं तर डांबराचे पैसे तसेच राहतील, त्यातही काही वाईट नाही.

डांबराच्या दिवशी तीस मिलिमीटर जाडीसाठी तुम्हाला साडेनऊ-दहा टन हॉटमिक्स (प्लांटात गरम करून मिसळलेली गिट्टी-डांबर) लागेल, म्हणजे एक टिप्पर. एवढ्यासाठी कोणी प्लांट सुरू करत नाही, म्हणून जवळपास ज्याचं मोठं काम चालू आहे त्याच्याकडून रीतसर चलन करून माल घेणारा ठेकेदार शोधा. वजनकाट्याची पावती मागा, वजनावरून जाडी लगेच कळते. मात्र "सरकारी कामाचा माल उरलाय, स्वस्तात टाकून देतो" म्हणत संध्याकाळी दारात आलेल्या माणसाकडून काही घेऊ नका. तो माल कोणत्या तरी गावाच्या रस्त्यातून कमी केलेला असतो. शिवाय तोवर थंड झालेला असतो. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल प्लांटातून १५० ते १६५ अंशांना निघतो आणि ९० अंशांपर्यंत उतरायच्या आत रोलिंग आटोपावं लागतं. टिप्परवर ताडपत्री हवीच. पिंप लाकडांवर तापवून करपवलेलं डांबर तर नकोच. जळलेला माल तपकिरी, निस्तेज दिसतो आणि वर्षभरात गिट्टी सुटायला लागते.

भावाचं बोलणं चौरस फुटावर थांबवू नका. "रोलिंगनंतरची जाडी" हे शब्द लिहून घ्या, नाहीतर सुट्या मालाची जाडी दाखवतात. डांबराचे दर महिन्यातून दोनदा बदलतात, म्हणून दिलेला भाव कोणत्या तारखेपर्यंत चालेल हेही लिहा. जीएसटी त्यात आहे की वेगळा, तेही. पैसे टप्प्याटप्प्याने: मुरूम दबल्यावर, खडीकरण झाल्यावर, डांबरानंतर. दहा टक्के रक्कम, डांबरावरचा पहिला पावसाळा होईपर्यंत, हातात ठेवा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर ठेकेदाराला ५ वर्षं दोष दुरुस्त करून द्यावे लागतात, त्यापुढे तुमची ही मागणी काहीच नाही.

रस्ता मधोमध थोडा उंच ठेवा. बारा फुटांत मध्य आणि कड यात दोन इंचांचा फरक बरा. दोन्ही कडांना दोन-दोन फूट मुरमाची साइडपट्टी द्या, तिच्याशिवाय डांबराची कड तुटतेच. मुख्य रस्त्याला जोडताना कडेची नाली बुजवू नका, तिथे सिमेंट पाइप टाका. तो रस्ता जिल्हा परिषदेचा असेल किंवा बांधकाम विभागाचा, ज्याचा असेल त्याची परवानगी आधी घ्या. आणि ट्रॅक्टर नेहमी उभा राहतो ती जागा डांबरी न करता काँक्रीटची करा, कारण गळणारं डिझेल डांबर विरघळवतं.

ही वाट शेजाऱ्यांच्याही वहिवाटीची असेल, गावनकाशात पांदण (शेतरस्ता) म्हणून असेल, तर आधी ग्रामपंचायतीत जा. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, ती अजून चालू आहे का आणि तुमची वाट तिच्यात बसते का, विचारा. घराची एकट्याची वाट त्यात येणार नाही.

एक गोष्ट बहुतेक घरी राहून जाते. मुरूम भरायच्या आधी रस्त्याच्या आडवे चार इंची पीव्हीसीचे दोन-तीन पाइप टाकून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. बोअरची लाइन, ठिबकची लाइन, विजेची केबल उद्या कधीही लागेल आणि तेव्हा रस्ता खोदावा लागणार नाही. पाइप कुठे आहेत ते घराच्या कोपऱ्यापासून मोजून वहीत लिहा.