चौदा जागा आणि एक हौद

प्रिय पोरी,

तुझी यादी काल रात्री मिळाली. पुण्यातल्या चौदा जागा, प्रत्येकीपुढे तारे, दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह आणि खाली एवढंच: "काका, यातलं काय गाळू? सगळंच बघावंसं वाटतंय आणि काहीच नीट होणार नाही असंही वाटतंय."

शनिवारी दुपारी दोनला तुझा पेपर सुटणार, रविवारी संध्याकाळी गाडी. मधली रात्र आत्याकडे, म्हणजे तिथे जेवणाखाण्यात आणि चौकशांत तीन तास गेलेच म्हणून समज. शनिवारवाडा, दगडूशेठ, आगाखान पॅलेस ही नावं तू स्वतःच खोडलीस, "ते सगळेच बघतात" म्हणून. आणि त्यांच्या जागी काय लिहिलंस? वानवडीची शिंदे छत्री, कोथरूडची जोशींची छोटी रेल्वे, केळकर संग्रहालय, पाताळेश्वर, त्रिशुंड गणपती, लाल देऊळ (म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग), फुलेवाडा आणि आणखी सात. वानवडी एका टोकाला, कोथरूड दुसऱ्या. मध्ये अख्खं पुणं आणि त्याचे सिग्नल. गाजलेल्या जागांची यादी फाडलीस आणि न गाजलेल्या जागांची केलीस. आजार तोच राहिला, बाटली तेवढी बदलली.

यातली एकही जागा वाईट नाही, म्हणून तर तुला गाळता येत नाहीये. पाताळेश्वराचा तो गोल नंदीमंडप आठव्या शतकातला, भर जंगली महाराज रस्त्यावर जमिनीच्या पोटात कोरलेला. तो गाळ असं मी कोणत्या तोंडाने सांगू? जागेशी जागा ताडून बघायला लागलीस तर रविवारची गाडी येईपर्यंत ताडतच बसशील. काय गाळू हे विचारू नकोस. कशाच्या मागे जाऊ, हे ठरव. एक धागा धर. त्या धाग्यात जे ओवलं जाईल ते बघायचं, जे ओवलं जाणार नाही ते ताजमहाल असलं तरी सोडायचं.

माझा धागा सांगतो. तो तुझाच असावा असं नाही (असावा, पण आग्रह नाही. बरं, आहे आग्रह). माझा धागा म्हणजे पाणी.

मुठेच्या काठावरच्या गावाला पाण्याची काय ददात, असं वाटेल तुला. पण पेठा वाढत गेल्या तसं नदीचं आणि विहिरींचं पाणी पुरेना. मग नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला तळं बांधून घेतलं आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं. नळ म्हणजे आपल्या मोरीतला नव्हे. काही ठिकाणी आत माणूस उभा राहील एवढा मोठा. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. दहा-एक किलोमीटर. वाटेत हवा बाहेर पडावी म्हणून उच्छ्वास बांधलेले, त्यांतले काही अजून उभे आहेत. लोक त्यांना जुनी धुराडी समजतात. शहरात आल्यावर हे पाणी हौदांत खेळवलं. सरदार रास्त्यांनी कोंढव्याहून वेगळं पाणी आणलं, नाना फडणवीसांनी आंबेगावाहून. मोठ्यांचं आपापलं पाणी, आपापले हौद.

आता बघ तुझी यादी कशी आपोआप गळते. छोटी रेल्वे गेली. शिंदे छत्री गेली, देखणी आहे, पण गेली. केळकर संग्रहालय तर तू नोकरी लागून पुण्यात आलीस की पावसाळ्यातल्या एखाद्या अख्ख्या दिवसासाठी ठेव, तासाभरात उरकणं हा त्या माणसाच्या हौसेचा अपमान आहे. लाल देऊळ गेलं. गाळताना तुला त्रास झाला का? नाही ना? धागा हातात असला की गाळावं लागत नाही.

शनिवारी पेपर झाला की सरळ शनिवारवाड्यात जा. हो, तू खोडलेल्याच. तिकीट काढ, दिल्ली दरवाजा-बिरवाजा मान वर करून बघ हवं तर, पण थांब फक्त हजारी कारंज्यापाशी. कमळाच्या आकाराचं ते कोरडं कारंजं बघून पोरं फोटो काढतात आणि पुढे जातात. तू तिथे खाली बस आणि विचार कर, की कात्रजच्या डोंगरातलं पाणी इथवर निव्वळ उताराने येत होतं आणि इथे उडत होतं. वाडा 1828 च्या आगीत गेला. बाकी सगळं बघून काय बघणार, जोतीच आहेत.

तिथून चालत फरासखान्याकडे. कोपऱ्यावर एक छोटा हौद आहे, बाहुलीचा हौद. त्याच्यासमोरून मी सहा वर्षं सायकल दामटली, एकदाही उतरलो नाही. डॉ. विश्राम रामजी घोले, महात्मा फुल्यांचे सहकारी, नावाजलेले शल्यवैद्य. त्यांची मुलगी काशीबाई, घरात तिला बाहुली म्हणत. मुलीला शिकवतो म्हणून नात्यातले लोक बिथरले होते, आणि त्यांच्यातल्याच कुणीतरी तिला लाडवातून काचा चारल्या असं सांगतात. पोर लहानपणीच गेली. बापाने तिच्या नावाने हौद बांधला आणि सगळ्या जातींना खुला ठेवला. ज्या भिडेवाड्यात 1848 साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तो तिथून हाकेच्या अंतरावर. होता. 2023 मध्ये पाडला, स्मारकासाठी. तू पेपर देऊन येणार आहेस, म्हणून म्हणतो, त्या हौदापाशी पाच मिनिटं उभी राहा. पाठीवरच्या सॅकसकट.

आता कबुली. धाग्याचं हे वेड मला शहाणपणातून लागलेलं नाही. आमचे आबा अंबाजोगाईहून शिकायला पुण्यात आले होते, वार लावून जेवले, चार वर्षांनी परत गेले. मी इथे नोकरीला लागल्यावर एकदाच आले, एका दिवसासाठी. मी नवी स्कूटर घेतली होती. यादी केली होती, तुझ्यासारखीच, फक्त कागदावर. पर्वती, सारसबाग, शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, बंडगार्डन. आबा दोनदा म्हणाले, "आम्ही ज्या हौदावर पाणी भरायचो तो बघू या का रे?" मी म्हटलं, "हौदात काय बघायचं आबा? ते बुजवले असतील आता." संध्याकाळी एसटी स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "तुझी यादी पुरी झाली, बरं झालं."

रागावून नाही म्हणाले, खरंच बरं वाटून म्हणाले. ते जास्त लागलं.

आता माझी बाजूही ऐक. एक दिवस होता, पेट्रोल भरलेलं होतं आणि बापाला आपलं शहर दाखवावं असं कुठल्या मुलाला वाटत नाही? त्यांनी कोणता हौद ते सांगितलंही नाही नीट, नुसतं "तालमीजवळचा." पुण्यात तालमी काय कमी आहेत? असो. पण तेव्हापासून मी पाहुण्यांना पाच जागा दाखवत नाही. बडोद्याचे एक मित्र यावरून रुसले ते रुसलेच. "तू आम्हाला पुणं दाखवलंच नाहीस," म्हणतात. दाखवलं. त्यांना तीन हौद दाखवले. बायको म्हणते हा हट्ट आहे. आहे. हट्टाला किंमत असते आणि ती मी मोजली आहे.

रविवारी सकाळी लवकर नीघ. कसब्यात साततोटी चौकापासून सुरुवात कर. आता तिथे वाहतूक आहे, पण नाव बघ, सात तोट्यांच्या हौदाचं आहे. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद, नाना हौद: जुन्या पुण्याचे पत्ते आजही पाण्यावरून सांगतात. पाणी गेलं आणि नाव राहिलं, हा खेळ या शहराला फार आवडतो. सारसबागेतल्या गणपतीला अजून तळ्यातला गणपती म्हणतात. तिथे खरंच तळं होतं, पर्वतीच्या पायथ्याशी.

तिथून नागझरी ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला ये. नागझरीला आज झरी म्हणवत नाही, नाकाला रुमाल लाव. देऊळ काळ्या दगडाचं, 1754 ला काम सुरू होऊन 1770 ला पुरं झालेलं. तुझ्या यादीत त्याच्यापुढे पाच तारे आहेत, बहुतेक दर्शनी भिंतीवरच्या गेंड्यामुळे. गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाई कोरलेत, ते बघच. मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती बघ. पण धागा विसरू नकोस! या देवळाच्या पोटात तळघर आहे आणि त्यात पाणी असतं. एरवी बंद, गुरुपौर्णिमेला उघडतात. तुला ते दिसणार नाही. तरी गाभाऱ्यासमोर उभी राहशील तेव्हा पायाखाली पाणी आहे एवढं लक्षात ठेव. तारे दिलेल्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नसणार.

मग गुरुवार पेठ, पंचहौद. पाच हौदांवरून नाव पडलं, आता लोक ओळखतात ते तिथल्या चर्चच्या उंच मनोऱ्यावरून. रविवार आहे, प्रार्थना चालू असेल, आत घुसू नकोस. 1890 साली इथल्या मिशनमध्ये एक सभा झाली आणि सभेनंतर चहा-बिस्किटं फिरली. टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी हजर. कोण कोण चहा प्यालं याची बातमी छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ख्रिस्त्यांच्या हातचा एक कप चहा! म्हणजे कात्रजहून पाणी उताराने इथवर आलं, दहा किलोमीटर बिनबोभाट आलं, आणि शेवटच्या हातभर अंतरावर, ओंजळीपाशी, अडलं.

तिथून फुलेवाडा चालत थोडाच. हा शेवटी ठेव, आधी जाऊ नकोस, मी सांगतो म्हणून. सगळे तिथे समाधीचं तुळशीवृंदावन बघतात. बघावं. पण तू पाण्याच्या मागे आली आहेस, तर आठव की 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. चवदार तळ्याच्या जवळजवळ साठ वर्षं आधी. सरदारांनी दूरदूरच्या गावांहून पाणी आणलं आणि या माणसाने अंगणातलं दिलं. हे वाक्य मी तुला फोनवर सांगितलं असतं तर तू "हो काका" म्हणाली असतीस. शनिवारपासून चालत तिथे पोचलीस की मला सांगावं लागणार नाही.

कात्रजला जाऊ नकोस. हे लिहिताना जीव तुटतो, कारण उगम तिथे आहे. पण जाऊन-येऊन तुझी सकाळ संपेल. धागासुद्धा कुठेतरी दाताने तोडावा लागतो.

आणि पाणी नको असेल तुला, तर दुसरं काही धर. छापखाने धर, तालमी धर, मुलींच्या शाळा धर, मला काय! पण "थोडं हेही, थोडं तेही" असं मला परत लिहू नकोस. गेल्या खेपेला नाशिकला तू हेच केलंस आणि तुला त्या दोन दिवसांतलं रिक्षाचं भाडं सोडून काही आठवत नाही, असं तूच म्हणालीस.

पायात चप्पल नको, बूट घाल. पंचहौदजवळ एखाद्या अमृततुल्यात बसून चहा घे, तुझ्याकडे कोणी प्रायश्चित्त मागणार नाही. मी सोबत येत नाही. गुडघे आहेतच, शिवाय मी बोलत राहीन आणि तू माझंच ऐकत बसशील.

एक काम मात्र कर. वाटेत एखाद्या तालमीशेजारी जुना दगडी हौद दिसला, बुजवलेला असो की झाकलेला, वर टपरी टाकलेली असली तरी चालेल, तर फोटो काढून पाठव. आजवर तीन सापडले. तिन्ही आबांच्या वर्णनाशी जुळतात.

तुझा,
काका